रोनाल्डो आपला, मग रहीमसाहेब कुणाचे?

१० डिसेंबर २०२२ ची रात्र. कतारमधल्या विश्वचषकाची उपउपांत्य फेरी, मोरोक्को विरुद्ध पोर्तुगाल. औशात आमच्या गल्लीतल्या एका ओसरीवर पोरांनी पांढरी चादर टांगून पडदा केला होता. प्रोजेक्टर कुणाच्या तरी लग्नातून आणलेला. मी सहज डोकावलो आणि बसलो.

गंमत अशी होती की, त्या ओसरीवरची निम्मी पोरं गेली चार वर्षं रोनाल्डोची मुरीद होती. सात नंबरचा शर्ट, तशीच हजामत, गोल केल्यावर तशीच उडी. आणि त्या रात्री रोनाल्डोसमोर मोरोक्को उभा होता. मी एकाला विचारलं, “आज किसके तरफ?” तो बिचारा अडकला. म्हणाला, “चाचा, आज दोनों अपने हय.” सगळे हसले. बेचाळिसाव्या मिनिटाला एन-नेसिरीनं हवेत उंच उडून डोक्यानं गोल केला. ओसरी दणाणली. सामना संपला तेव्हा रोनाल्डो रडत बोगद्यातून आत गेला. ते पाहून सात नंबरवाल्या पोरांचे डोळे ओले झाले, आणि मोरोक्को जिंकला म्हणून हीच पोरं एकमेकांच्या गळ्यातही पडली. एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

पण थांबलं नाही. कोपऱ्यात दहा नंबरवाली चार-पाच पोरं होती, मेस्सीवाली. आदल्याच रात्री अर्जेंटिनानं नेदरलँड्सला पेनल्टीवर हरवलं होतं, म्हणून ती छाती काढून बसली होती. त्यांनी रोनाल्डोच्या रडण्यावर काहीतरी शेरा मारला. त्यावर समोरून मोबाइल पुढे आला. फोटोत मेस्सी जेरुसलेमच्या भिंतीपाशी, डोक्यावर यहुद्यांची टोपी. “देख, तेरा बाप.” मग शिवी. मग दुसरी. दहा नंबरवाल्या पोराला ‘यहुदी’, ‘मुनाफिक’ असं सगळं झालं. कॉलर धरली गेली, एकाचा मोबाइल फुटला. दोघं चुलतभाऊ. त्यानंतर दीड वर्ष ते एकमेकांशी बोलले नाहीत. थोरल्याचा वलीमा झाला, धाकटा जेवायला आला नाही. घरातल्या बायकांना तर भांडण कशावरून झालं हेही नीट कळलं नाही. एकाची अम्मी मला म्हणाली, “भाईजान, वो मेस्सी कौन हय? उसके बाप से बात करो ना.”

हसू आलं. मग रागही आला. तो राग आज लिहून काढतो आहे. दर वेळी मोठी स्पर्धा आली की हेच होतं, आणि आपण वडीलधारी माणसं ‘पोरं आहेत’ म्हणून सोडून देतो.

आधी त्या फोटोचं बोलू. फोटो खरा आहे. ऑगस्ट २०१३ मधला आहे. बार्सिलोना क्लबचा संघ तेव्हा त्या भागात ‘शांतता दौरा’ म्हणून गेला होता. तोच संघ त्याच दौऱ्यात पॅलेस्टाईनमध्येही गेला, बेथलेहेमला गेला, तिथल्या मुलांसोबत मैदानावर उतरला. ते फोटोही आहेत. पण ते आमच्या मोबाइलवर येत नाहीत. जून २०१८ मध्ये अर्जेंटिनाचा इस्रायलविरुद्ध जेरुसलेममध्ये एक मैत्रीपूर्ण सामना ठरला होता. पॅलेस्टिनींनी विरोध केला आणि अर्जेंटिनानं तो सामना रद्द केला. मेस्सी त्या संघाचा कप्तान होता. हेही आमच्या ग्रुपवर येत नाही. उलट रोनाल्डोनं गाझाच्या लेकरांसाठी अमुक कोटी दिले, तमुक बूट विकला, अमुक खेळाडूशी हात मिळवला नाही, आता कलमाच पढणार आहे, असल्या पोस्ट वर्षानुवर्षं फिरतात. त्यांना ना आगा ना पिछा. पुरावा मागितला की म्हणतात, “सबको मालूम हय.”

मेस्सी संत आहे असं मी म्हणत नाही. दोघंही अब्जाधीश व्यावसायिक खेळाडू आहेत. दोघांवरही करचुकवेगिरीचे खटले स्पेनमध्ये चालले आणि दोघांनाही शिक्षा झाली. खेळाडूच्या वागणुकीची चर्चा करायची तर तिथून करा. चेंडूऐवजी पाय मारतो का, पंचाला फसवायला लोळतो का, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवतो का, सहकाऱ्याला चेंडू देतो का, यावरून करा. पण आमची चर्चा तिथं जातच नाही. आम्ही थेट त्याचा कलमा तपासतो.

सूरे हुजुरात अठरा आयतींची आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी मदरशात पढलेली. त्यात सहाव्या आयतीत सांगितलं आहे की, बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत लोकांचं नुकसान कराल आणि नंतर पस्तावाल. अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवायला आणि वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे. म्हणजे त्या रात्री ओसरीवर इस्लामच्या नावानं जे चाललं होतं, ते एकाच सूरेतल्या दोन हुकमांच्या उलट होतं. खबर न तपासता भावाला ‘यहुदी’ म्हणणारा पोरगा दीनची राखण करत नव्हता. तो व्हॉट्सअपची राखण करत होता.

आता मूळ मुद्दा. मला हे इतकं का झोंबतं?

२४ ऑक्टोबर २०२१. दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले. पण शिव्या सगळ्यांत जास्त कुणाला पडल्या, हे आपल्याला पाठ आहे. मोहम्मद शमीला गद्दार म्हटलं गेलं, पाकिस्तानात जा म्हटलं गेलं. विराट कोहली जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, याबद्दल त्याचे आभार. त्या आठवड्यात आपण सगळे दुखावलो होतो. मीही होतो. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध त्यानं ५७ धावांत ७ बळी घेतले आणि त्याच तोंडांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हाही मला फार आनंद झाला नाही. कारण पुढच्या वाईट षटकाला काय होणार ते माहीत होतं.

मेसुत ओझिलचं हेच झालं. गेल्सेनकिर्शनमध्ये जन्मलेला, तुर्की मजुरांच्या घरातला मुलगा. २०१४ ला जर्मनीला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघात होता. २०१८ मध्ये एर्दोआनसोबत फोटो काढला, जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि सगळं खापर त्याच्यावर फुटलं. त्यानं राष्ट्रीय संघ सोडला. सोडताना तो जे म्हणाला त्याचा मथितार्थ असा: जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित. तो फोटो काढायला हवा होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला सत्ताधाऱ्यांच्या शेजारी दात काढून उभे राहणारे खेळाडू आवडत नाहीत, मग ते अंकाराचे असोत की दिल्लीचे. पण पास चुकला म्हणून कुणी वंशावळ काढत असेल तर मी ओझिलच्या बाजूचा आहे.

आता सांगा, शमीचं षटक पाहून त्याचा धर्म काढणारा आणि मेस्सीचा फोटो पाहून चुलतभावाचा ईमान काढणारा, यांच्यात फरक काय? ताकदीचा फरक आहे, मान्य. पहिल्याच्या मागं झुंड आहे, सत्ता आहे, टीव्ही आहे. दुसऱ्याच्या मागं गल्लीतली दहा पोरं. दोघांना एका तागडीत टाकून ‘दोन्हीकडं सारखंच’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण माप तेच आहे. जे माप आपल्याला लावलं की रक्त येतं, तेच माप आपण हौसेनं हातात घेतो. मग उद्या कुणी आपल्याला लावलं तर कोणत्या तोंडानं बोलायचं?

यावर आमच्यातलेच शिकलेले लोक एक बचाव करतात. म्हणतात, “भाई, दबलेल्या कौमला कुठंतरी आनंद हवा. मोहम्मद सलाह गोल करून सजदा करतो, तेव्हा आमच्या पोरांची मान वर होते. तेवढंही नको का?” हवं. नक्की हवं. मोरोक्को जिंकल्यावर सोफियान बुफाल मैदानात आपल्या अम्मीचा हात धरून नाचला, तेव्हा मीही डोळे पुसले. ती हिजाबातली बाई पाहून मला माझीच अम्मी आठवली. त्या संघातले २६ पैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले, त्यांतले बरेच युरोपात वाढलेले. त्यांच्याबद्दल आपुलकी वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

पण आपुलकी वेगळी आणि परीक्षा वेगळी. सलाह लिव्हरपूलला आल्यानंतर त्या भागात द्वेषाचे गुन्हे कमी झाले, असा अभ्यास अमेरिकेतल्या संशोधकांनी केला. आपल्याकडं तो मोठ्या अभिमानानं शेअर झाला. मी तो वाचून थोडा घाबरलो. सलाहनं गोल केले म्हणून शेजारच्या मुसलमान टॅक्सीवाल्याला शिव्या कमी पडल्या. ठीक. मग ज्या वर्षी सलाहचे गोल आटतील त्या वर्षी टॅक्सीवाल्यानं काय करायचं? आपली इज्जत कुणाच्या डाव्या पायाला बांधून ठेवायची नसते. ती नागरिक म्हणून असते, गोल झाला तरी आणि चुकला तरी.

आपल्या देशानं हा खेळ आधी खेळून पाहिला आहे. मुंबईत क्रिकेटचे सामनेच धर्मावार व्हायचे. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि उरलेले, असे पाच संघ. गांधीजींनी त्याला विरोध केला होता. १९४६ मध्ये ते सामने बंद झाले. कलकत्त्यात मोहम्मडन स्पोर्टिंगनं १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं लीग जिंकली. गोऱ्यांच्या संघांना हरवणारा तो अव्वल क्लब होता आणि मुसलमानांनी त्याचा आनंद केला, यात गैर काही नाही. पण पुढे त्या आनंदावर राजकारणानं आपला झेंडा रोवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता त्या माणसाकडं येतो, ज्याच्या नावानं हा लेख लिहायला बसलो.

त्या ओसरीवरच्या पोरांना मी नंतर एकदा विचारलं, सय्यद अब्दुल रहीम कोण? एकालाही माहीत नव्हतं. एक म्हणाला, “वो अजय देवगणवाली पिक्चर?” म्हणजे २०२४ चा ‘मैदान’ सिनेमा. तेवढीच ओळख.

औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि हैदराबाद राज्यात होता. म्हणजे रहीमसाहेब काही परक्या मुलखातले नव्हते. ते आपल्याच राजधानीतले. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशानं शाळामास्तर. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक. त्या संघानं मुंबईतला रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या हाताखालच्या भारतीय संघानं इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. दुसऱ्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. दुसरा कुणी असता तर थंडीला, पंचाला, नशिबाला दोष देत बसला असता. या मास्तरनं खेळायची पद्धतच बदलायला घेतली.

आणि मग ती तारीख. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात गेला, त्यासोबत आपलं औसाही. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. प्रशिक्षक हैदराबादचे रहीमसाहेब. संघात हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम. आणि तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोव्याचा माणूस. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. म्हणजे ज्या महिन्यात आपण एका राज्यातून दुसऱ्यात गेलो, त्याच सुमारास त्या दोन्ही राज्यांची माणसं मिळून भारताला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत घेऊन गेली. मराठवाड्यात कुणी हे सांगतं का?

१९६२ ला जकार्ता. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. म्हणून स्टेडियम भारताविरुद्ध खवळलेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम देशाचं ते प्रेक्षागार, आणि ज्या संघाची हुर्यो उडवली जात होती त्याचा प्रशिक्षक एक मुसलमान मास्तर. तिथं कुणी त्यांना ‘अपना’ म्हटलं नाही. संघातल्या खेळाडूंनी पुढे आठवणीत सांगितलं आहे की, त्या गदारोळात आपल्यासाठी टाळ्या वाजवत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ. ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ याचं आमचं गणित त्या एका संध्याकाळी किती वेळा चुकतं ते मोजा.

गोलमध्ये थंगराज. डोक्याला टाके घातलेला जर्नेलसिंग बचाव सोडून पुढे आघाडीला. युसुफ खान जखमी असून मैदानात. फोर्तुनातो फ्रँको, बलराम, कप्तान चुनी गोस्वामी. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलनं गोल केले, भारत २-१ नं जिंकला. काठाशी बसलेल्या रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोग होता. ११ जून १९६३ ला ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला आजवर मिळालेलं नाही.

पोरं दर आठवड्याला ‘अंडररेटेड’ खेळाडूंच्या याद्या करतात. कांते अंडररेटेड, अमराबत अंडररेटेड, हा, तो. अरे बाळांनो, बलराम अंडररेटेड. अर्जुन पुरस्कारानंतर सरकारला त्यांची आठवण राहिली नाही, पद्म न मिळताच ते २०२३ मध्ये गेले. नेव्हिल अंडररेटेड. फ्रँको अंडररेटेड. आणि या सगळ्यांना घडवणारा तो मास्तर.

त्यांना आपण का विसरलो, याचं उत्तर कडू आहे. मराठवाड्याच्या सार्वजनिक आठवणीत हैदराबाद म्हणजे निजाम आणि रझाकार. दर १७ सप्टेंबरला तेवढंच उगाळलं जातं. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या आठवणीत हैदराबाद म्हणजे निजामाचे हिरे, महाल आणि बिर्याणी. एकाला खलनायक हवा, दुसऱ्याला बादशहा. तिकिटाला पैसे नसलेल्या पोलिसांच्या पोरांना, रिक्षावाल्यांच्या पोरांना चेंडू पायात कसा ठेवायचा ते शिकवणारा शाळामास्तर या दोन्ही कथांत बसत नाही. म्हणून त्याला दोघांनीही बाहेर ठेवलं. दोष नुसता ‘त्यांच्यावर’ टाकून आपण सुटत नाही.

शेवटी चुरशीबद्दल. माझं म्हणणं असं नाही की, क्लबांची ईर्ष्या नको. ईर्ष्येशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय सालन. पण ईर्ष्या कशी असते ते कोल्हापूरला जाऊन पाहा. पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार. नावंच ऐका. कुस्तीची तालीम, खंडोबाचं नाव आणि फारसी ‘दिलबहार’ एकाच स्पर्धेत. शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा उतरतात. तिथंही हुल्लडबाजी होते, दगडफेक होते, मारामाऱ्या होतात, ते मी झाकत नाही. पण तिथला समर्थक ज्याच्यासाठी ओरडतो तो त्याच्या पेठेतला पोरगा असतो. त्याचा बाप त्याला माहीत असतो. चुकला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तो त्याला तोंडावर झापू शकतो. खेळाडूची वागणूक तिथं खरोखर सुधारू शकते. त्या मातीतून अनिकेत जाधव निघाला आणि २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. केरळात नदीत मेस्सी-नेमारचे उंच कटआउट लागले, तेव्हा तिथल्या ‘समस्त’ या उलेमांच्या संघटनेशी निगडित मंडळींनी खेळाडूंच्या पूजेवर टीका केली होती. मला त्यांचं अर्धंच पटलं. पूजा नको, बरोबर. पण मलप्पुरमची पोरं कटआउटही लावतात आणि संध्याकाळी शेतात सेव्हन्सही खेळतात. आमची पोरं नुसते कटआउट आहेत. आमच्या गल्लीत सात नंबरचे शर्ट वीस आणि फुटबॉल एक. त्याचीही हवा गेलेली.

म्हणून जमातीतल्या वडीलधाऱ्यांना माझं सांगणं आहे. पोरांना ‘फुटबॉल हराम’ म्हणून रागावू नका, आणि ‘रोनाल्डो अपना’ म्हणाले की गालातल्या गालात हसूही नका. दोन चेंडू घेऊन द्या. शाळेच्या मैदानासाठी अर्ज करा, मुलींसाठीही करा. संघ करायचा तर नुसता मोहल्ल्याचा करू नका, पलीकडच्या गल्लीतल्या साळुंके-कांबळ्यांची पोरंही घ्या. त्याला नाव रहीमसाहेबांचं द्या, नाहीतर बलरामचं द्या. आणि संघ हरला तर शिव्या द्या, पण खेळावरून द्या.

ते दोन चुलतभाऊ आता बोलतात. समेट मी केला नाही, मेस्सीच्या बापानंही नाही. धाकट्याचा अपघात झाला, थोरल्यानं दवाखान्यात रक्त दिलं. परवा दोघं ओसरीवर बसून पुन्हा तोच वाद घालत होते, पण हसत. मी जवळ गेलो आणि मोबाइलवर १९६२ च्या संघाचा फोटो काढून पुढे धरला. थोरल्यानं बोट ठेवत विचारलं, “चाचा, इसमें अपना कौन हय?”

मी म्हणालो, “सब.”